टपावरचा गारवा आणि शाळा सोडलेला मेकॅनिक

चालत्या गाडीच्या टपावर बसून गारवा देणारं यंत्र ज्याने रस्त्यावर टिकवून दाखवलं, त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. होती ती फक्त बिघाड शोधायची खोड. फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या भन्नाट माणसाची ही गोष्ट. सुरुवात मात्र आपल्या पोलादपुरातून.

गेल्या मे महिन्यात पुण्याची आमची आत्या सगळी फॅमिली घेऊन भाड्याच्या कॅराव्हॅनमधून फिरायला निघाली. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत बेड, छोटा ओटा, बाथरूम आणि टपावर पांढऱ्या पेटीसारखा एसी. महाबळेश्वर करून मंडळी आंबेनळी घाटातून खाली पोलादपूरला उतरली. वर मस्त गारेगार आणि खाली नुसती भट्टी! हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने आवारात गाडी लावू दिली, वर लाइटही दिली. लांबलचक एक्स्टेंशन वायर ओढली, पिन लावली, एसी चालू केला. पंखा फिरायला लागला, पण गार काही होईना. मधेच हुंऽऽ असा आवाज, मग टक्, मग शांत. दोन-चार मिनिटांनी पुन्हा तेच.

मला महाडला फोन आला. ओळखीच्या एका मेकॅनिक दादांना घेऊन मी पोलादपूर गाठलं. तोवर तिथे जमलेल्या सगळ्यांचं एकमत झालं होतं, की गॅस गेलाय. आपल्याकडे एसी बिघडला की गॅसच जातो! दादा मात्र ना टपावर चढले, ना त्यांनी गॅसचा सिलिंडर काढला. त्यांनी आधी मल्टीमीटर काढून एक्स्टेंशन बोर्डात लावला. एसी बंद असताना व्होल्टेज ठीक होतं. मग एसी चालू करायला सांगितला. कॉम्प्रेसरने जोर लावला आणि मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला. दादांनी गाडीच्या एसीकडे पाहिलंही नाही, ते त्या बारीक वायरकडे बघून हसले.

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. कारण दादा काम करत असताना माझ्या डोक्यात एक प्रश्न आला होता. घरातला एसी भिंतीवर गपचूप बसून असतो. हा बिचारा घाट चढतो, खड्डे खातो, पाऊस झेलतो. असलं नाजूक यंत्र गाडीच्या डोक्यावर बसवून ते टिकवायचं धाडस पहिल्यांदा कोणी केलं असेल? घरी येऊन शोधलं, आणि सापडला फ्रेड जोन्स.

गॅरेजमधला झाडूवाला

जोन्सचा जन्म १७ मे १८९३ चा, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातला. वडील आयरिश वंशाचे गोरे, आई कृष्णवर्णीय. आईचं छत्र अगदी लहानपणीच हरपलं. एकट्या बापाला पोर सांभाळणं जमेना. त्याने मुलाला ओहायो नदीपलीकडच्या कव्हिंग्टन गावातल्या एका कॅथलिक धर्मगुरूंकडे ठेवलं. चर्चमधली पडेल ती कामं करायची, त्या बदल्यात राहणं, जेवण आणि थोडंफार शिक्षण. फ्रेड नऊ वर्षांचा असताना वडीलही गेले.

अकरा वर्षांचा झाल्यावर त्याने तिथून निघून पुन्हा सिनसिनाटी गाठलं. एका गॅरेजमध्ये साफसफाईचं काम मिळालं. तेव्हा मोटारगाडी हीच एक नवलाई होती. दुरुस्तीचे क्लास नव्हते, व्हिडिओ तर सोडाच. झाडू मारता मारता पोरगा मेकॅनिकांच्या हातांकडे बघत राहिला. चौदाव्या वर्षी तो स्वतः मेकॅनिक झाला आणि पुढच्या वर्षभरात गॅरेजचा फोरमन. मिसरूड फुटायच्या वयात मोठ्या माणसांवर देखरेख! शर्यतीच्या गाड्याही तो बांधायला लागला.

आपल्याकडे महाड-पोलादपूरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये डोकावा, पाना पुढे करणारा एखादा पोरगा दिसतोच. आपण त्याला बारक्या म्हणतो आणि पुढे जातो. जोन्स हा असाच बारक्या होता. फरक इतकाच, की दिवसा हाताने जे केलं ते का चाललं, हे तो रात्री पुस्तकात शोधायचा. वीज, इंजिन, यंत्रं, मिळेल ते पुस्तक त्याने वाचून काढलं.

बर्फातलं कॉलेज

१९१२ मध्ये तो मिनेसोटा राज्यातल्या हॅलॉक नावाच्या गावी आला. कॅनडाच्या सीमेजवळचं, हिवाळ्यात बर्फाखाली गाडलं जाणारं छोटंसं गाव. तिथे रेल्वेसम्राट जेम्स हिल यांच्या कुटुंबाची अवाढव्य शेती होती. तिथली यंत्रं सांभाळायचं काम जोन्सला मिळालं. यंत्र बंद पडलं की शहरातून माणूस येईपर्यंत हंगाम निघून जायचा. त्यामुळे जे काही मोडेल ते तिथेच, असेल त्या सामानात दुरुस्त करायचं. त्याचं कॉलेज म्हणाल तर हेच.

पहिल्या महायुद्धात तो सैन्यातून फ्रान्सला गेला. तिथे त्याने छावण्यांमध्ये विजेच्या, टेलिफोनच्या आणि तारायंत्राच्या लाइनी टाकल्या. शेतात इंजिन शिकला, युद्धात वीज शिकला. ही दोन्ही ज्ञानं एका माणसात एकत्र आली, हे पुढे फार कामाला येणार होतं.

युद्धानंतर गडी पुन्हा हॅलॉकला आला आणि गावाचा हक्काचा जुगाडू झाला. गावाच्या रेडिओ स्टेशनसाठी त्याने ट्रान्समीटर बनवला. डॉक्टरांना बर्फातून पेशंटपर्यंत जाता यावं म्हणून स्कीवर चालणारी, मागे विमानासारखा पंखा लावलेली गाडी तयार केली. एक्स-रे काढायला पेशंटला हलवणं अवघड, म्हणून उचलून नेता येईल असं एक्स-रे यंत्र जोडलं. यातल्या कशाचंही पेटंट त्याने घेतलं नाही. समोर अडचण होती, ती सोडवली, विषय संपला.

मुक्या सिनेमाला आवाज

गावातल्या थिएटरात जोन्स प्रोजेक्टरही चालवायचा. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले. आवाजाची नवी यंत्रं इतकी महाग, की छोट्या थिएटरांना ती परवडेनात. जोन्सने भंगारातले भाग जमवून स्वतःच साउंड सिस्टिम उभी केली. ही बातमी मिनियापोलिस शहरातल्या जो न्यूमेरो या उद्योजकापर्यंत पोचली. न्यूमेरोचा धंदा थिएटरांना आवाजाची यंत्रं पुरवण्याचा. त्याने १९३० मध्ये जोन्सला नोकरीवर घेतलं. तिथे जोन्सने सिनेमाची तिकिटं देणारं यंत्रही बनवलं, आणि १९३९ मध्ये त्याचं पेटंट त्याच्या नावावर झालं.

इथपर्यंत त्याचा गारव्याशी काहीही संबंध नव्हता. तो आला एका ट्रकभर कोंबड्यांमुळे.

नासलेला माल आणि फुकटची फुशारकी

१९३८ चा काळ. न्यूमेरोचा एक ट्रान्सपोर्टवाला मित्र होता, हॅरी वर्नर. त्याचा कोंबड्यांच्या मांसाचा अख्खा ट्रक उन्हाने नासला. तेव्हा नाशवंत माल न्यायचा म्हणजे बर्फ आणि मीठ भरायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. बर्फ वितळला की खेळ खल्लास. आपल्या हायवेवर पाणी गाळत पळणाऱ्या मासळीच्या गाड्या आठवा, साधारण तसाच प्रकार. गोल्फ खेळताना हा विषय निघाला आणि न्यूमेरोने मित्रांमध्ये फुशारकी मारली, की ट्रक गार ठेवणारं यंत्र आपण बनवू शकतो. मित्राने ते खरं धरलं आणि ट्रक पाठवून दिला! न्यूमेरोची बोबडी वळली. जोन्सने मात्र ट्रकची मापं घेतली आणि कामाला लागला.

ट्रकमध्ये थंडावा करायचे प्रयत्न आधीही झाले होते. पण ती यंत्रं अवजड असत, जागा खात, आणि मुख्य म्हणजे रस्त्याच्या हादऱ्यांनी खिळखिळी होत. थंडावा कसा करायचा हे जगाला माहीत होतं. पण दिवसभर हादरे खाऊन तो संध्याकाळीही चालू कसा ठेवायचा, हे कोणाला जमलं नव्हतं. म्हणजे प्रश्न शोधाचा कमी आणि बिघाडाचा जास्त होता. आणि बिघाड म्हटलं की जोन्स!

टपच का?

त्याचं पहिलं यंत्र ट्रकच्या पोटाखाली बसवलेलं होतं. ते चाललं, पण चाकांनी उडवलेला चिखल आणि खडी थेट त्याच्यावर. म्हणून पुढे त्याने हलकं आणि आटोपशीर यंत्र बनवून ते वर नेलं, ट्रकच्या केबिनवर, पेटीच्या कपाळाशी. तिथे चिखल नाही, धूळ कमी, आणि गाडी पुढे पळताना वारा आयताच मिळतो. शिवाय गार हवा जड असते, ती वरून सोडली की आपोआप खाली पसरते. हायवेवर आइस्क्रीमची गाडी दिसली तर केबिनच्या वर बघा. ती फुगीर पेटी म्हणजे जोन्सच्या कल्पनेचीच नातवंडं.

पण मला जास्त भारी वाटला तो त्याच्या कामाचा दुसरा भाग, जो बाहेरून दिसत नाही. ट्रकचा ड्रायव्हर काही एसी मेकॅनिक नसतो. रात्री दोन वाजता घाटात उतरून तो कॉम्प्रेसर चालू करणार नाही. म्हणून जोन्सच्या यंत्राला स्वतःचं छोटं पेट्रोल इंजिन होतं आणि त्याला विजेची अक्कल दिलेली होती. पेटीतलं तापमान वाढलं की थर्मोस्टॅट सिग्नल देणार, स्टार्टर इंजिन चालू करणार, पुरेसं गार झालं की इंजिन आपोआप बंद. त्याच्या पेटंटांची यादी चाळली तर हेच विषय पुन्हा पुन्हा भेटतात : इंजिन आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा, थर्मोस्टॅटवर चालणारं इंजिन, स्टार्टर आणि जनरेटर एकत्र असलेली मोटर, शीतयंत्राची कंट्रोल सिस्टिम. गाड्यांच्या वातानुकूलन यंत्राचं त्याचं पेटंट १ डिसेंबर १९४२ ला मंजूर झालं. आयुष्यभरात त्याच्या नावावर साठहून जास्त पेटंट लागली, त्यातली चाळीसेक नुसत्या शीतकरणाची.

आजच्या कॅराव्हॅनवरचा एसी हा अर्थात वेगळा प्राणी. तो आपल्या घरच्यासारखा २३० व्होल्टच्या विजेवर चालतो, त्याला पेट्रोल इंजिन नसतं. पण टपावर बसायचं, हादरे सोसायचे आणि थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर आपलं आपण चालू-बंद व्हायचं, हे तिन्ही धडे जोन्सने आधी गिरवून ठेवलेले आहेत.

कोंबड्यांपासून रक्तापर्यंत

न्यूमेरोने थिएटरचा धंदा विकला आणि दोघांनी मिळून थंडाव्याची कंपनी उभी केली. तीच पुढे थर्मो किंग नावाने जगभर गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला जोन्सची यंत्रं फार उपयोगी पडली. आघाडीवरच्या दवाखान्यांत रक्त आणि औषधं, छावण्यांत अन्न, सगळं गार राहणं गरजेचं होतं. ज्या यंत्राची सुरुवात कोंबड्या वाचवायला झाली, ते माणसं वाचवायला लागलं.

युद्धानंतर ट्रक, रेल्वे, जहाज, सगळीकडे ही यंत्रं गेली. एका टोकाचं ताजं अन्न दुसऱ्या टोकाला बारा महिने मिळायला लागलं. आज एखादी लस कारखान्यातून निघून शेवटच्या गावातल्या आरोग्य केंद्रापर्यंत गारच्या गार पोचते, तिच्या प्रवासात जोन्सचा वाटा आहे.

चवदार तळ्याच्या गावातून बघताना

जोन्स कृष्णवर्णीय होता, आणि त्या काळच्या अमेरिकेत याचा अर्थ काय होता हे महाडच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. त्या देशातल्या कितीतरी ठिकाणी पाण्याचे नळसुद्धा काळ्यांचे वेगळे आणि गोऱ्यांचे वेगळे होते. देशासाठी लढायला गेलेल्या काळ्या सैनिकांच्या तुकड्याही वेगळ्या. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आमच्या गावात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा तिकडे जोन्स तेहेतीस वर्षांचा होता आणि हॅलॉकमध्ये लोकांची यंत्रं दुरुस्त करत होता. दोन्ही गोष्टींची तुलना मला करायची नाही. एक माणूस लाखोंच्या हक्कासाठी उभा होता, दुसरा आपल्या कामात गढलेला होता. पण जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारं जग दोघांच्याही समोर होतं.

१९४४ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ रेफ्रिजरेशन इंजिनिअर्स या संस्थेने जोन्सला सभासद करून घेतलं. तिथे पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय. ज्याने पोरवयात शाळा सोडली, तो इंजिनिअरांच्या पंगतीत बसला. पुढे अमेरिकेचं संरक्षण खातंही त्याचा सल्ला घ्यायला लागलं.

२१ फेब्रुवारी १९६१ ला मिनियापोलिसमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. वय ६७. देशाचा मोठा सन्मान मिळायला मात्र आणखी तीस वर्षं लागली. १९९१ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक जोन्स आणि न्यूमेरो या दोघांना मरणोत्तर मिळालं. हे पदक मिळालेला जोन्स हा पहिला कृष्णवर्णीय संशोधक. तेव्हा हे पदक हातात घ्यायला दोघांपैकी कोणीच उरलं नव्हतं.

पुन्हा पोलादपूर

तर आपले दादा त्या बारीक वायरकडे बघून हसले होते. त्यांनी मग समजावून सांगितलं. पंख्याला करंट कमी लागतो, म्हणून तो कशाही वायरवर फिरतो. कॉम्प्रेसर मात्र चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. वायर लांब आणि बारीक असली की वाटेतच व्होल्टेज पडतं. मोटरला फिरायची ताकद मिळत नाही, ती नुसती हुं करते, तापते आणि आतला ओव्हरलोड तिला बंद पाडतो. तो टक् आवाज त्याचाच. गार झाला की पुन्हा जोडतो, पुन्हा तेच.

जाड वायर टाकून थेट १६ अँपिअरच्या सॉकेटमधून लाइट घेतली. एसी चालू झाला, आत्याने टाळ्याही वाजवल्या. पंधरा मिनिटांत पुन्हा बंद. आता दादा टपावर चढले. चढायच्या आधी पिन काढून स्वतःच्या खिशात ठेवली, म्हणजे कोणी चुकून लावायला नको. झाकण उघडल्यावर आधी कपॅसिटर डिस्चार्ज केला. लाइट बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहतो आणि तो जबर झटका देऊ शकतो. मग एकेक जोड हाताने हलवून बघितला. कॉम्प्रेसरच्या वायरीची एक लग सैल होऊन काळी पडली होती. घाटाच्या हादऱ्यांनी ढिली झाली, ढिली म्हणून तापली, तापली म्हणून आणखी ढिली. काळा भाग कापला, नवी लग दाबून बसवली. एसी जो सुरू झाला तो सकाळपर्यंत. गॅस होता तिथेच होता!

मी मास कम्युनिकेशनची डिग्री घेतली आहे आणि त्या दिवशी मला साधा मीटर कुठे लावायचा हे माहीत नव्हतं. २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा चिखलातून फ्रिज, मोटारी, पंप बाहेर काढून पुन्हा चालू करणारी हीच माणसं होती. त्यांचे सत्कार झालेले मी तरी पाहिले नाहीत. आमच्या भागातली कितीतरी मुलं हा धंदा शिकून मुंबई-पुण्याला जातात, आणि घरी विचारलं तर कंपनीत आहे एवढंच सांगतात. मेकॅनिक आहे हे सांगायला लाजतात.

त्या दिवशी निघताना मी दादांना जोन्सबद्दल काहीच सांगू शकले नाही, कारण तेव्हा तो मलाच माहीत नव्हता. हा लेख छापून आला की एक अंक त्यांच्या दुकानात नेऊन देणार आहे. तिथे पाना पुढे करणारा एक पोरगा आहे, त्याने वाचला तर जास्त आवडेल.

टपावरचा एसी बिघडला? आधी हे बघा

• गॅसचा संशय शेवटी. आधी लाइट नीट येतेय का ते बघा. व्होल्टेज एसी चालू असताना, लोडवर मोजायचं असतं.

• लांब, बारीक किंवा गुंडाळी करून ठेवलेली एक्स्टेंशन वायर वापरू नका. हात लावल्यावर पिन किंवा वायर गरम लागली तर लगेच बंद करा.

• काहीच चालू होत नाही? एमसीबी, फ्यूज आणि थर्मोस्टॅटचं सेटिंग तपासा. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर जबरदस्तीने वर करत बसू नका, कुठेतरी शॉर्ट असू शकतो.

• पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर हुं करून बंद पडतो? व्होल्टेज ठीक असेल तर संशय कपॅसिटरवर. वरून फुगलेला कपॅसिटर म्हणजे गेलेला कपॅसिटर.

• एसी बंद केल्यावर लगेच चालू करू नका, निदान तीन-चार मिनिटं थांबा.

• घाटातून किंवा खराब रस्त्याने लांबचा प्रवास झाल्यावर जोड तपासून घ्या. कोकणातल्या पावसाळ्यानंतर तर नक्कीच, कारण दमट हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो.

• अर्थिंग नसलेल्या सॉकेटला गाडी जोडू नका. गाडीच्या पत्र्याला मुंग्या आल्यासारखा करंट लागला तर आधी पिन काढा.

• झाकण उघडायचं काम मात्र जाणकाराचंच.